अमेरिकेत कारखाना वाढवताना: स्थानिक सरकारचे औद्योगिक विकास रोखे कसे वापरावेत

अमेरिकेत मशीन शॉप, प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट किंवा मसाल्यांचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला विस्तार करायचा असला की तो आधी जागा बघतो, मग यंत्रांची ऑर्डर देतो आणि मग बँकेत जातो. आपल्या कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारच्या) औद्योगिक विकास प्राधिकरणामार्फत करमुक्त रोखे काढून हेच कर्ज स्वस्तात मिळालं असतं, हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. तोवर आगाऊ रक्कम देऊन झालेली असते आणि त्यातला बराच खर्च या योजनेत बसत नाही. ही योजना फार गुंतागुंतीची नाही, पण ती क्रमाला अतिशय कडक आहे. म्हणून या लेखात नियमांइतकाच भर कोणतं काम कशाच्या आधी करायचं यावर आहे. पुणे-चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कंपनीला अमेरिकेत पहिला कारखाना उभारायचा असेल, तर तिलाही हेच नियम लागू होतात. कंपनी परदेशी मालकीची असली म्हणून अपात्र ठरत नाही.

गाव काय देतं आणि काय देत नाही

पहिला गैरसमज आधीच दूर करू. हे अनुदान नाही आणि गावाच्या तिजोरीतला पैसाही नाही. शहर, कौंटी किंवा त्यांनी स्थापन केलेलं प्राधिकरण आपल्या नावानं रोखे काढतं. ते विकत घेते एखादी बँक किंवा बाजारातला गुंतवणूकदार. त्यातून आलेला पैसा प्राधिकरण कर्जकरारानं तुमच्या कंपनीला देतं आणि हप्ते घेण्याचा आपला हक्क बँकेच्या किंवा विश्वस्ताच्या नावे करून बाजूला होतं. तुम्ही हप्ते चुकवलेत तर रोखेधारकाला गावाच्या करउत्पन्नाला हात लावता येत नाही. त्याची वसुली फक्त तुमच्या हप्त्यांतून आणि तुम्ही दिलेल्या तारणातून. रेव्हेन्यू बाँड म्हणजे हेच: ज्या प्रकल्पासाठी कर्ज, त्याच्याच उत्पन्नातून फेड.

पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. तिथे कर्जदार महापालिकाच होती. इथे रोख्यावर नाव गावाचं असतं, पण खरे कर्जदार तुम्ही असता.

मग गावाचा उपयोग काय? स्थानिक सरकारच्या रोख्यांवर मिळणारं व्याज केंद्रीय आयकरातून मुक्त असू शकतं. बँकेला त्या व्याजावर कर भरावा लागत नाही, म्हणून ती कमी दरात तयार होते आणि तो फरक तुमच्या पदरात पडतो. थोडक्यात, या स्वस्ताईची किंमत वॉशिंग्टनमधली तिजोरी मोजते. अटी इतक्या कडक का, याचं उत्तरही त्यातच आहे.

ही कल्पना मिसिसिपीत जन्मली. १९३६ साली, महामंदीच्या काळात, गव्हर्नर ह्यू व्हाइट यांच्या 'शेतीला उद्योगाची जोड' या धोरणाखाली ड्युरंट नावाच्या छोट्या गावानं ८५,००० डॉलरचे रोखे काढून मोज्यांचा कारखाना आणला. तिथे गावाची स्वतःची पत पणाला लागली होती. पुढे राज्याराज्यांत हे लोण पसरलं आणि गावाला जोखीम नसलेले रेव्हेन्यू रोखे जास्त रुळले. मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांचा इतका वापर केला की १९६८ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, करसवलतीवर मर्यादा घातली. तरी छोट्या रकमेच्या वाटेनं दुकानं आणि खाद्यगृहंही उभी राहत होती. १९८६ च्या करसुधारणा कायद्यानं ती वाटही जवळपास बंद केली. आज कारखानदारासाठी उरली आहे ती 'स्मॉल इश्यू', म्हणजे छोट्या रकमेच्या, रोख्यांची वाट, आणि ती कायमस्वरूपी झाली १९९३ मध्ये.

तुमचा प्रकल्प यात बसतो का

उत्पादन हवं, म्हणजे हाताला लागणारी वस्तू तयार झाली पाहिजे किंवा प्रक्रियेनं तिचं रूप बदललं पाहिजे. धातूकाम, प्लास्टिक, छपाई, अन्नप्रक्रिया हे सगळं चालतं. दुकान, गोदामाचा धंदा, उपाहारगृह, दवाखाना चालत नाही. सॉफ्टवेअरही नाही. २००९ आणि २०१० या दोन वर्षांत अमूर्त मालमत्तेच्या निर्मितीला तात्पुरती मुभा होती, ती संपली. आयटीतले मित्र अजून त्याच जुन्या माहितीवर विसंबून असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

रकमेच्या तीन मर्यादा आहेत आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

रोख्यांची रक्कम जास्तीत जास्त १ कोटी डॉलर. पण तेवढं पाहून पुरत नाही. त्याच शहराच्या हद्दीत (किंवा शहराबाहेर असाल तर कौंटीच्या त्या भागात) तुमच्या कंपनीनं आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांनी रोखे काढण्याच्या आधीची ३ वर्षं आणि नंतरची ३ वर्षं केलेला भांडवली खर्च आणि रोख्यांची रक्कम मिळून २ कोटी डॉलरच्या आत राहायला हवं. हा खर्च तुम्ही कशातून केलात याला महत्त्व नाही. रोखीनं घेतलेली यंत्रंही मोजली जातात. तिसरी मर्यादा देशभराची: एका लाभार्थीच्या नावावर, संबंधित कंपन्या धरून, फेडायचे बाकी असलेले असे करमुक्त रोखे एकूण ४ कोटी डॉलरपेक्षा जास्त नसावेत. भारतातल्या मूळ कंपनीच्या अमेरिकेत आणखी उपकंपन्या असतील तर हा हिशोब पहिल्याच बैठकीत वकिलासमोर मांडा.

पुढच्या ३ वर्षांची अट मला सगळ्यांत धोकादायक वाटते. धंदा चांगला चालला, चौथी लाइन टाकली, शेजारची जागा घेतली आणि २ कोटींची रेघ ओलांडली, तर रोख्यांची करमुक्तता जाते. करारात बहुधा अशी तरतूद असते की करमुक्तता गेली की व्याजदर वाढेल आणि बँकेचं नुकसान तुम्ही भरून द्याल. तेव्हा तुमची ३ वर्षांची योजना खरोखरच मोठी असेल, तर ही वाट घेऊ नका. झपाट्यानं वाढणाऱ्या कारखान्याच्या पायात ही बेडी ठरते.

पैसा कुठे लावता येतो

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून ८० लाख डॉलरचे रोखे गृहीत धरू. त्यातले निदान ९५ टक्के, म्हणजे ७६ लाख, पात्र भांडवली खर्चात जायला हवेत. खेळतं भांडवल, कच्चा माल, पगार यांसाठी हा पैसा नाही. जमिनीवर २५ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे २० लाखांच्या आत. कचेरी, साठवणीची जागा असे उत्पादनाला जोडून लागणारे भाग त्याच आवारात असावेत आणि त्यांवरही २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. रोखे काढण्याचा खर्च, म्हणजे वकील, प्राधिकरणाचं शुल्क आणि बाकीची फी, रोख्यांतून फक्त २ टक्क्यांपर्यंत भागवता येतो. आपल्या उदाहरणात १ लाख ६० हजार. त्यावरचं सगळं खिशातून.

जुनी इमारत घेणार असाल तर तिच्या खरेदीसाठी रोख्यांतून जितकी रक्कम वापरली, तिच्या १५ टक्के तरी दुरुस्ती-नूतनीकरणावर २ वर्षांत खर्च करावे लागतात. जुनी यंत्रं मात्र जवळजवळ बाद समजा. लिलावातून स्वस्त सीएनसी घेणं आपल्या लोकांना आवडतं आणि धंद्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंही असतं, पण त्याचे पैसे वेगळ्या कर्जातून द्या. रोख्यांची मुदत मालमत्तेच्या सरासरी आयुष्याच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यामुळे यंत्रं जास्त आणि इमारत कमी असेल तर मुदत आखूड होते आणि हप्ता वाढतो.

पहिली पायरी: फायदा होतो का ते मोजा

बँकेचं नेहमीचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतंय असं समजू. कंपन्यांचा केंद्रीय करदर २१ टक्के आहे. नुसता कर वजा केला तर बँकेला करमुक्त ५.५३ टक्के तितकेच पडतात. प्रत्यक्षात फरक एवढा मिळत नाही, कारण असे रोखे बाळगण्यासाठी बँकेला येणारा व्याजखर्च तिला वजावटीत धरता येत नाही आणि तो भार ती दरात टाकते. २०१७ च्या कायद्यानं करदर ३५ वरून २१ टक्क्यांवर आल्यापासून ही दरी आणखी अरुंद झाली. समजा तुम्हाला १ टक्का वाचला. ८० लाखांवर पहिल्या वर्षी ८० हजार डॉलर. नेहमीच्या कर्जापेक्षा जादा लागलेला खर्च २ लाख असेल, तर तो भरून निघायला अडीच वर्षांहून जास्त लागतील, कारण मुद्दल दरवर्षी घटत जातं. मुदत १५-२० वर्षांची असेल तर सौदा उत्तम. पण हेच रोखे २० लाखांचे असतील तर वर्षाला २० हजार वाचतात आणि वकिलांची फी मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. लहान रकमेला लघुउद्योग प्रशासनाचं ५०४ कर्ज किंवा राज्याची एखादी योजना बरी. ३० लाखांच्या खाली मी कुणाला हा मार्ग सुचवणार नाही.

खर्चाचा आणखी एक कोपरा आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात आर्थिक विकास प्राधिकरणाची मदत घेतली की बांधकामावर ठरलेली प्रचलित मजुरी द्यावी लागते. ती धरून पुन्हा हिशोब करा.

दुसरी पायरी: आधी बँक

रोखे काढणारं गाव आहे, म्हणून लोक आधी गावाकडे धावतात. पण तुमची पत जोखणार आहे बँक. आज या आकाराचे बहुतेक रोखे एकच बँक थेट विकत घेते. पूर्वी बँकेच्या पतपत्राच्या, म्हणजे परतफेडीच्या लेखी हमीच्या, आधारावर बदलत्या दराचे रोखे बाजारात विकले जायचे. २००८ च्या संकटानंतर ते प्रमाण खूप घटलं. तेव्हा ३ वर्षांचे ताळेबंद, पुढचे अंदाज, मोठ्या गिऱ्हाइकांचे करार आणि तारणाची यादी घेऊन दोन-तीन बँकांकडे जा आणि प्रत्येकीकडून दोन्ही दर मागा: साध्या कर्जाचा आणि करमुक्त रोख्यांचा. ज्या बँकेनं असे रोखे आधी घेतले आहेत तिला प्राधान्य द्या. जी पहिल्यांदाच घेते आहे तिच्या वकिलाच्या शिकण्याचे तास तुमच्या बिलात येतात.

आपल्याच कारखान्याचे रोखे आपण किंवा भावानं घेऊन करमुक्त व्याज खावं, असा विचार मनात येतो. कायद्यानं ती दारं बंद केली आहेत. प्रकल्पाचा मुख्य वापरकर्ता किंवा त्याचा संबंधित माणूस रोखे बाळगत असेल तोवर ते व्याज करपात्र असतं.

तिसरी पायरी: ठराव, आणि त्याच्याआधी सही नाही

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: जागेचा पक्का करार, बांधकामाचा करार किंवा यंत्राची आगाऊ रक्कम यांच्याआधी प्राधिकरणाकडून इंड्यूसमेंट रिझोल्यूशन, म्हणजे प्राथमिक ठराव, मंजूर करून घ्या. या ठरावानं प्राधिकरण पैशाची हमी देत नाही. या प्रकल्पासाठी रोखे काढण्याचा आपला इरादा आहे आणि झालेला खर्च त्यातून परत करता येईल, एवढंच ते नोंदवतं.

नियम असा: ठरावाच्या तारखेआधी ६० दिवसांपर्यंत दिलेले पैसे रोख्यांतून परत मिळू शकतात. त्याहून जुने नाहीत. वास्तुविशारद, मोजणी, मातीपरीक्षण अशा प्राथमिक कामांना यातून सूट आहे, पण तीही रोख्यांच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आणि जमीनखरेदी किंवा जागा तयार करणं त्यात येत नाही. खर्चाची परतफेडही पैसे दिल्यापासून किंवा मालमत्ता वापरात आल्यापासून, यांपैकी जे नंतर असेल तिथून, १८ महिन्यांत व्हावी लागते. मात्र पैसे दिल्याला ३ वर्षं उलटून गेली तर काहीच उपयोग नाही.

अर्ज साधा असतो: कंपनी काय बनवते, प्रकल्प कुठे, किती खर्च, किती नोकऱ्या राहतील आणि किती नव्या येतील. प्राधिकरणाची सभा बहुधा महिन्यातून एकदा होते, म्हणून जागेचा मालक घाई करत असेल तर त्याच्याशी सशर्त करार करा आणि सभेची तारीख आधी विचारून ठेवा.

याच सुमाराला बाँड कौन्सेल नेमला जातो. हे व्याज करमुक्त आहे असं लेखी मत देणारा हा वकील आहे. त्याच्या मताशिवाय कुठलीच बँक पुढे येत नाही. फी तुम्ही भरता, पण तो तुमचा वकील नसतो. तुमच्या बाजूनं करार वाचायला वेगळा माणूस लागतो आणि तो खर्च वाचवू नये.

चौथी पायरी: राज्याच्या कोट्यातला वाटा

खासगी उद्योगांच्या कामी येणाऱ्या करमुक्त रोख्यांना दर राज्याला वार्षिक मर्यादा आहे. २०२५ साठी ती माणशी १३० डॉलर किंवा ३८ कोटी ८७ लाख ८० हजार डॉलर, यांपैकी जे जास्त ते. याच कोट्यातून परवडणाऱ्या घरांचे प्रकल्पही वाटा मागतात आणि मोठ्या राज्यांत तेच त्यातला मोठा भाग घेतात. कॅलिफोर्नियात हे वाटप कर्जमर्यादा वाटप समिती करते, टेक्सासमध्ये बाँड रिव्ह्यू बोर्ड. काही राज्यं कारखान्यांसाठी वेगळा हिस्सा राखतात, काहींत पहिला येईल त्याला पहिला.

न वापरलेला कोटा घरांसारख्या काही कामांसाठी ३ वर्षं पुढे नेता येतो. स्मॉल इश्यू रोख्यांसाठी तसं करता येत नाही. म्हणजे ज्या वर्षाचा वाटा मिळाला त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या आत व्यवहार पुरा व्हायला हवा, नाहीतर पुन्हा रांगेत. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केलीत तर घोळ होणार हे उघड आहे. माझ्या मते हिवाळ्यात बँकेशी बोलणी, वसंतात ठराव आणि अर्ज, आणि शरदाच्या आत समारोप हे वेळापत्रक बरं.

पाचवी पायरी: जाहीर सुनावणी

१९८२ च्या कायद्यावरून हिला टेफ्रा सुनावणी म्हणतात. निदान ७ दिवस आधी सूचना प्रसिद्ध करायची, प्रकल्पाचं ठिकाण, वापरकर्ता आणि कमाल रक्कम सांगायची, आणि मग कुणालाही बोलता येतं. त्यानंतर निवडून आलेल्या प्रतिनिधीनं किंवा मंडळानं मंजुरी द्यायची. ती १ वर्ष चालते. सूचनेतली रक्कम थोडी जास्तच लिहा, कारण नंतर वाढवायची झाली तर सुनावणी पुन्हा घ्यावी लागू शकते.

बहुतेक सुनावण्यांना कुणी येत नाही. तरीही मालकानं स्वतः हजर राहावं असं मला मनापासून वाटतं. आपण बाहेरून आलेली माणसं; ट्रक किती येतील, आवाज किती होईल, नोकऱ्या कुणाला मिळतील हे शेजाऱ्यांना तोंडावर सांगण्याची ही चांगली जागा आहे. पुढे रस्त्याची किंवा सांडपाण्याची परवानगी लागते तेव्हा ही ओळख कामी येते.

सहावी पायरी: समारोप आणि त्यानंतर

अंतिम ठराव, कर्जकरार, तारणाचे कागद, करविषयक प्रमाणपत्र आणि वकिलाचं मत एका दिवशी सह्या होऊन पुरे होतात. करविषयक प्रमाणपत्र नीट वाचा. त्यातली भांडवली खर्चाची आणि वापराची विधानं तुमच्या नावावर आहेत. रोखे निघाले त्या तिमाहीनंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आयआरएसकडे, म्हणजे केंद्रीय करखात्याकडे, रोख्यांची माहिती देणारा फॉर्म ८०३८ जातो. तो प्राधिकरणाच्या नावानं असला तरी गेल्याची प्रत मागून घ्या.

पैसे सहसा एकदम हातात येत नाहीत. खर्चाची बिलं दाखवून निधीतून काढत जायचे. प्रत्येक बिल जमीन, इमारत, यंत्र की कचेरी यांपैकी कशात गेलं, हे लेखापालाकडून पहिल्या दिवसापासून वेगळं लिहून घ्या. त्याच तक्त्यात गावातला बाकीचा सगळा भांडवली खर्चही ३ वर्षं चढवत राहा, म्हणजे २ कोटींची रेघ किती दूर आहे ते कायम दिसेल. इमारतीचा भाग गोदामासाठी भाड्यानं द्यायचा, कारखाना विकायचा किंवा भागीदार आणायचा विचार असेल तर सही करण्याआधी बाँड कौन्सेलला विचारा. वापर बदलला तर ठरावीक मुदतीत रोखे फेडून सुधारणा करता येते, उशीर झाला तर नाही. हे सगळे कागद रोखे फिटेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३ वर्षं जपायचे.

त्याच नावाचा वेगळा प्रकार

जॉर्जिया, कॅन्सस, मिसुरी, न्यू मेक्सिको इथे औद्योगिक रोखे म्हटलं की पुष्कळदा वरचं काहीच अभिप्रेत नसतं. तिथे प्राधिकरण कारखान्याची मालकी कागदोपत्री स्वतःकडे घेतं आणि तुम्हाला भाड्यानं देतं. रोखे करपात्र असतात आणि बऱ्याचदा कंपनी स्वतःच ते विकत घेते, त्यामुळे पैसा बाहेरून येतच नाही. फायदा असतो मालमत्ताकरात, आणि कॅन्सससारख्या ठिकाणी बांधकाम साहित्याच्या विक्रीकरात. न्यू मेक्सिकोतल्या सँडोव्हल कौंटीनं २००४ मध्ये इंटेलसाठी १६०० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले ते याच जातीचे. इथे १ कोटीची मर्यादा नाही, राज्याचा कोटा नाही, उत्पादनाचीच अट नाही. पण कर्ज तुम्हाला वेगळं उभं करावं लागतं, आणि नोकऱ्यांचं वचन पाळलं नाही तर वाचलेला कर परत मागण्याची कलमं करारात असतात. शाळांचं उत्पन्न मालमत्ताकरावर चालतं, म्हणून शाळा मंडळ काय म्हणतं ते आधी ऐका. काही ठिकाणी त्या बदल्यात ठरावीक रक्कम भरण्याची बोलणी होतात.

प्राधिकरणाला पहिला फोन कराल तेव्हा म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारा: तुमचे रोखे व्याज कमी करणारे आहेत की मालमत्ताकर? दुसरा प्रश्न, या वर्षीच्या कोट्यात कारखान्यांसाठी अजून काही शिल्लक आहे का? तिसरा, पुढची सभा कधी आणि अर्ज कोणत्या तारखेपर्यंत?